वीज गेली, भट्टी थांबली. मग उष्णता कुठे जाते?

११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास जपानच्या ईशान्य किनाऱ्याला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. फुकुशिमा दाइची केंद्रात त्या वेळी तीन अणुभट्ट्या चालू होत्या. तिन्ही ठरल्याप्रमाणे काही सेकंदांत आपोआप बंद झाल्या. पहिल्या क्रमांकाच्या भट्टीत एक जुनी, साधी सोय होती. भट्टीतली वाफ आपणहून वर चढायची, वरच्या टाकीतल्या पाण्यात बुडालेल्या नळ्यांमधून जाताना थंड व्हायची आणि पाणी होऊन स्वतःच्या वजनाने परत खाली यायची. तिला पंप लागत नव्हता. भूकंपानंतर ती सुरूही झाली. पण भट्टी नियमापेक्षा वेगाने थंड होऊ लागली, म्हणून कर्मचाऱ्यांनी झडप बंद केली. ते नियमानुसारच होतं. लागेल तशी झडप पुन्हा उघडायची, असा बेत होता.

मग त्सुनामी आली. डिझेल जनित्रं बुडाली, बॅटऱ्या बुडाल्या, नियंत्रण कक्षातले दिवे गेले. झडप उघडी आहे की बंद, हेही कुणाला कळेना. त्या केंद्रात गाभा वितळायची सुरुवात झाली ती याच पहिल्या भट्टीत, त्याच रात्री. उष्णता वाहून न्यायला वीज लागत नव्हती, पण उष्णतेच्या वाटेवरचं दार उघडायला लागत होती.

'भट्टी बंद केली' हे वाक्य ऐकलं की आपल्याला वाटतं, संपलं सगळं. अणुभट्टीच्या बाबतीत तिथून खरी काळजी सुरू होते. नियंत्रक दांडे गाभ्यात शिरले की युरेनियम-प्लुटोनियमचे अणू फुटायचे थांबतात, पण आधी फुटलेल्या अणूंचे तुकडे गाभ्यातच असतात. हे तुकडे किरणोत्सारी असतात, ते स्थिर होईपर्यंत उष्णता सोडत राहतात आणि त्यांना थांबवणारं बटण कुणाकडेच नाही. भट्टी थांबल्याक्षणी ही उरलेली उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या. पुढे उतरण फार संथ. टक्केवारी किरकोळ वाटते, पण १,२५० मेगावॉट उष्णता निर्माण करणारी भट्टी असेल तर बंद होताक्षणी ऐंशीहून अधिक मेगावॉट आणि दुसऱ्या दिवशीही सहा मेगावॉटच्या आसपास उष्णता आत तयार होत असते. तिला बाहेर जायला वाट हवी, आणि ती वाट नेमकी वीज गेलेली असतानाच चालू राहायला हवी.

सिंधुदुर्गातल्या माणसाला वीज जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे खांब आडवे झाले, झाडं तारांवर पडली आणि अनेक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. शिवाय विजयदुर्गची खाडी ओलांडून थोडं उत्तरेला गेलं की राजापूर तालुक्यातला माडबनचा सडा लागतो. तिथे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प उभारायचं ठरलं आहे: मूळ योजनेत प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच ईपीआर भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. या प्रकल्पावरून कोकणात झालेली आंदोलनं, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला झालेला गोळीबार आणि त्यात गेलेला एक जीव, हे सारं अजून लोकांच्या लक्षात आहे. चर्चा मात्र जमीन, मासळी, समुद्रात सुटणारं गरम पाणी यांवरच जास्त झाली. त्या चर्चा रास्तच होत्या. पण वीज पूर्ण गेली तर उरलेली उष्णता कुठल्या वाटेने जाणार, हा प्रश्न तितक्या मोठ्याने विचारला गेला नाही.

ईपीआरचं उत्तर दणकट आहे, पण ते यंत्रांवर उभं आहे. गाभा थंड ठेवणाऱ्या चार स्वतंत्र यंत्रणा, त्यांच्यासाठी चार मोठी डिझेल जनित्रं आणि तीही बंद पडली तर आणखी दोन. एक बिघडेल म्हणून दुसरं, दुसरं बिघडेल म्हणून तिसरं. दुसरा विचारप्रवाह म्हणतो की संख्या वाढवण्यापेक्षा गरजच काढून टाका. पंपाचं काम गुरुत्वाकर्षणाकडे द्या, पंख्याचं काम गरम हवेकडे. यालाच अभियंते 'पॅसिव्ह' म्हणतात. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्यांमध्येही वाफ टाकीतल्या पाण्यात आपोआप थंड होऊन परतण्याची, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीसारखीच सोय आहे.

या विचाराला सर्वांत मोकळं रान मिळतं ते पाण्याऐवजी वितळलेल्या धातूने थंड होणाऱ्या भट्ट्यांमध्ये. भारतात त्या तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला आहेत आणि तिथल्या गोष्टीत एक कोल्हापूरकर महत्त्वाचा आहे. गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर ओलांडलं की कागलच्या बाजूला कसबा सांगाव लागतं. तिथल्या शेतकरी कुटुंबात १९४२ साली जन्मलेले शिवराम भोजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियंता झाले, तुर्भ्याच्या भाभा केंद्रातल्या प्रशिक्षण शाळेतून बाहेर पडले आणि आयुष्यभर एकाच विषयाला चिकटून राहिले: फास्ट ब्रीडर, म्हणजे जळता जळता नवं इंधन तयार करणारी भट्टी. फ्रान्समधल्या कादाराशला जाऊन भारताच्या पहिल्या चाचणी भट्टीच्या आराखड्यावर काम करणाऱ्या तुकडीत ते होते. ही चाचणी भट्टी, एफबीटीआर, ऑक्टोबर १९८५ मध्ये कल्पाक्कमला पहिल्यांदा चालू झाली. २००० ते २००४ या काळात भोजे तिथल्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ५०० मेगावॉट विजेच्या मोठ्या भट्टीचा, म्हणजे पीएफबीआरचा आराखडा त्यांच्या काळात पक्का झाला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये तिचं बांधकाम सुरू झालं.

या भट्टीच्या पोटात पाणी नाही, सोडियम आहे. अकराशे टनांहून जास्त. सोडियम म्हणजे मिठातला तोच धातू, पण एकटा असताना त्याचा स्वभाव अगदी वेगळा. ९८ अंश सेल्सियसला तो वितळतो आणि ८८३ अंशांना उकळतो. भट्टी चालू असताना गाभ्याखालचा थंड सोडियम ४०० अंशांच्या आसपास असतो, वरचा गरम ५५० अंशांच्या आसपास. म्हणजे उकळायला अजून तीनशेहून अधिक अंश बाकी असतात. ईपीआरसारख्या पाण्याच्या भट्टीत पाणी उकळू नये म्हणून वातावरणाच्या दीडशे पट दाब ठेवावा लागतो. भांड्याला तडा गेला तर ते पाणी वाफ होऊन सुटतं. सोडियमच्या भांड्यात जवळपास नेहमीच्या हवेइतकाच दाब असतो, वर आर्गॉन वायूचं पांघरूण. शिवाय सोडियम पाण्यापेक्षा शंभरेक पटींनी चांगला उष्णतावाहक आहे.

आता थोडं गणित. समजा भट्टी बंद झाली, सगळे पंप थांबले आणि उष्णता बाहेर न्यायची एकही वाट उरली नाही. उरलेली उष्णता पूर्ण शक्तीच्या एक टक्का, म्हणजे साडेबारा मेगावॉट धरली तर एवढा सोडियम तासाला साधारण तीस अंशांनी तापेल. पोलाद शोषून घेईल ती उष्णता वेगळीच. म्हणजे धातूच्या या प्रचंड साठ्यामुळेच काही तासांची उसंत मिळते. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीला अशी उसंत फारशी मिळाली नाही.

उसंत मिळाली तरी वाट लागतेच. पीएफबीआरमध्ये अशा चार वाटा आहेत, एकमेकींपासून अलग, प्रत्येकीची क्षमता आठ मेगावॉट. चौघींची मिळून बत्तीस मेगावॉट, म्हणजे पूर्ण शक्तीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. नेहमीच्या वेळी भट्टी थांबली की उष्णता वाफेच्या मुख्य मार्गानेच बाहेर काढली जाते. तो मार्ग निकामी झाला की या चार वाटांनी काम पार पाडायचं असतं. त्यांचं काम असं चालतं. गाभ्यावरच्या गरम सोडियमच्या तळ्यात एक उष्णता-विनिमयक बुडालेला असतो. त्याच्या नळ्यांमध्ये दुसरा, स्वच्छ सोडियम असतो. हा दुसरा सोडियम तापून हलका होतो आणि वर चढतो. इमारतीच्या उंच भागात तो हवेच्या विनिमयकात पोहोचतो. तिथे नळ्यांवरून बाहेरची हवा जाते, तापते आणि तीसेक मीटर उंच धुराड्यातून निघून जाते. थंड झालेला सोडियम जड होऊन परत खाली येतो. तळ्यातही तेच घडत असतं: गाभ्यातून तापून वर आलेला सोडियम विनिमयकाजवळ गार होऊन खाली बसतो आणि गाभ्याखालून पुन्हा वर येतो. एकात एक गुंतलेली तीन चक्रं, आणि तिन्ही उष्णतेवरच फिरतात. मधला स्वच्छ सोडियम कशासाठी, असं कुणी विचारेल. गाभ्यातून जाणारा सोडियम काही काळ किरणोत्सारी होतो. बाहेरच्या हवेची गाठ त्याच्याशी कधीच पडू नये, म्हणून मध्ये हा दुसरा.

मालवणच्या किनाऱ्यावर हे तत्त्व रोज अनुभवाला येतं. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. शिडाच्या होड्यांच्या काळात मतलईवर समुद्रात जायचं आणि खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, हा दिनक्रम होता. होडी हाकणारा तो वारा कुणी पंख्याने घातलेला नव्हता. कल्पाक्कमच्या धुराड्यातून जाणारी हवाही तशीच, फक्त तिथे तापणारी जमीन नसून सोडियमच्या नळ्या आहेत.

पण या वाऱ्याचा जोर किती? इथे गोष्ट नाजूक होते. सोडियम चारशेवरून साडेपाचशे अंशांवर गेला तर त्याची घनता अवघी चार टक्क्यांनी घटते. तीस मीटर धुराड्यात तीनशे अंशांची हवा असेल तर बाहेरच्या हवेच्या तुलनेत तिची ओढ पाण्याच्या जेमतेम पंधरा मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढी भरते. एवढ्या हलक्या बळावर मेगावॉट वाहून न्यायचे म्हणजे वाटेत कुठेही अडथळा चालणार नाही. नळ्यांची जाडी, वळणं, एकेका यंत्राची उंची, सगळं आधी मोजून ठरवावं लागतं. 'आपोआप होतं' या दोन शब्दांमागे अभियंत्यांची वर्षं गेलेली असतात. पॅसिव्ह म्हणजे कष्ट नसलेली यंत्रणा असा समज होतो तो चुकीचा आहे. कष्ट असतात, पण ते अपघाताच्या रात्रीऐवजी आधीच करून ठेवलेले असतात.

आणि फुकुशिमातलं ते दार? ते कल्पाक्कमलाही आहे. हवेच्या विनिमयकाच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटांवर झडपा आहेत, कारण भट्टी चालू असताना धुराडं सताड उघडं ठेवलं तर उष्णता फुकट जाईल. या चार वाटांमध्ये हलणारा भाग म्हणजे एवढ्या झडपाच. म्हणून त्या जोडीने बसवल्या आहेत: एक विजेवर चालणारी, एक दाबाखालच्या हवेवर. दोन्ही अडल्या तर हाताने उघडण्याची सोय आहे. त्याहून मोलाची युक्ती म्हणजे एरवीही झडपा पूर्ण बंद न करता किंचित किलकिल्या ठेवतात. त्यामुळे मधला सोडियम सतत हळूहळू फिरत राहतो आणि वेळ आली की त्याला थांबलेल्या अवस्थेतून सुरुवात करावी लागत नाही. चार वाटांमधले विनिमयकही एकाच घडणीचे नाहीत, दोन प्रकारचे आहेत. एका प्रकारात काही लपलेला दोष निघाला तर दुसरा प्रकार तरी उरेल, हा हिशेब.

सोडियमचे दुर्गुण लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही. तो हवेत पेट घेतो आणि पाण्याशी गाठ पडली तर स्फोटक हायड्रोजन सुटतो. जपानच्या मोन्जू भट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी तापमापकाचं आवरण सोडियमच्या प्रवाहात थरथरून तुटलं, दुय्यम मंडलातला सोडियम गळला आणि आग लागली. किरणोत्सार बाहेर पडला नाही, पण भट्टी जवळपास पंधरा वर्षं बंद राहिली, २०१० मध्ये थोडा काळ चालली आणि २०१६ मध्ये ती कायमची मोडीत काढायचं ठरलं. म्हणजे एका नळीच्या टोपणाने एक भट्टी संपवली. दुसरा दुर्गुण विरोधाभासाचा आहे: ज्या यंत्रणेचं काम थंड करणं, तिने फार थंड केलं तरी धोका. हवेच्या नळ्यांमध्ये सोडियम ९८ अंशांखाली गेला तर गोठेल, वाट बुजेल आणि मग गरजेच्या वेळी ती सुरूच होणार नाही. किलकिल्या झडपांतून फिरत राहणारा सोडियम इथेही उपयोगी पडतो.

शिसं वापरणाऱ्यांची डोकेदुखी याहून मोठी. शिसं ३२७ अंशांना गोठतं. शिसं-बिस्मथचं मिश्रण १२५ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून ते वापरणाऱ्या सोव्हिएत पाणबुड्यांना धक्क्यावर असतानाही शीतक गरम ठेवावं लागे. तरी शिसं पेट घेत नाही, एवढ्याच गुणावर रशियाने २०२१ पासून सैबेरियातल्या सेवेर्स्कला शिशाने थंड होणारी ३०० मेगावॉटची ब्रेस्ट भट्टी बांधायला घेतली आहे.

धातूच्या भट्टीचा उष्णतेशी चांगला सलोखा होऊ शकतो याचा सर्वांत धाडसी पुरावा अमेरिकेतून आला. आयडाहोमधल्या ईबीआर-दोन या छोट्या सोडियम भट्टीवर ३ एप्रिल १९८६ रोजी एकाच दिवशी दोन प्रयोग झाले. सकाळी पूर्ण शक्तीवर असताना मुख्य पंप बंद केले आणि नियंत्रक दांडे मुद्दाम खाली पडू दिले नाहीत. दुपारी उष्णता बाहेर नेणारा मार्ग तोडला, तेव्हाही दांडे वरच. दोन्ही वेळा भट्टी तापली, तापल्याने गाभा प्रसरण पावला, प्रसरणाने विखंडन मंदावलं आणि भट्टी आपोआप शांत झाली. इंधनाला इजा झाली नाही. त्यानंतर तेवीस दिवसांनी चेर्नोबिल घडलं आणि जगाच्या बातम्यांतून आयडाहोचं नाव पुसलं गेलं. हा प्रयोग धातुरूप इंधनाच्या भट्टीवर झाला होता. पीएफबीआरचं इंधन ऑक्साइडचं आहे, तेव्हा तिच्याकडून दांड्यांशिवाय इतक्या सहज थांबण्याची अपेक्षा करू नये. सोडियमचं स्वतःहून फिरणं मात्र दोन्हीकडे सारखंच. फ्रान्सनेही आपली फेनिक्स भट्टी कायमची बंद करण्याआधी २००९ मध्ये तिच्यावर पंप थांबवून हीच परीक्षा घेतली. निवृत्तीला आलेल्या भट्टीकडून काढून घेतलेलं हे शेवटचं काम गणिती प्रारूपं तपासायला फार उपयोगी पडलं.

कल्पाक्कमला अशी निवृत्तीला आलेली मोठी भट्टी हाताशी नव्हती, म्हणून तिथे 'साधना' नावाचं एक प्रतिरूप उभारलं गेलं. पीएफबीआरच्या एका वाटेची बावीसपट लहान आवृत्ती, ३५५ किलोवॉटची, खऱ्या सोडियमची, स्वतःच्या धुराड्यासह. गरम सोडियमच्या तळ्यासाठी विजेचे तापक, आणि मग झडपा उघडून बघायचं की हवा आणि सोडियम ठरल्या वेगाने फिरतात का. फिरतात, असा निकाल आला.

या सगळ्याची किंमत मोजावी लागली, हेही नोंदवायला हवं. पीएफबीआरचा मूळ अंदाज ३,४९२ कोटी रुपये होता आणि ती २०१० मध्ये सुरू व्हायची होती. बांधकाम सुरू झाल्यावर दोनच महिन्यांनी, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामीचं पाणी तिच्या पायाच्या खड्ड्यात भरलं. तिथल्या किनाऱ्यावरची जुनी भट्टी त्या वेळी सुखरूप बंद करता आली, पण नव्या कामाला धक्का बसला. उरलेल्या उष्णतेसाठी समुद्राऐवजी हवा निवडली होती ती त्सुनामीच्या आधीच. तरी ती निवड किती शहाणपणाची होती ते त्या दिवशी उमगावं. फुकुशिमात समुद्राचं पाणी ओढणारे पंपच लाटेने उद्ध्वस्त केले होते. उंचावरच्या हवेच्या विनिमयकाला अशा पंपांची गरज नाही. अर्थात रोजच्या चालण्यात पीएफबीआरही समुद्रावर अवलंबून आहे: १,२५० मेगावॉट उष्णतेतून ५०० मेगावॉट वीज झाली की उरलेले साडेसातशे समुद्रालाच गरम करणार. माडबन-विजयदुर्गच्या मच्छीमारांनी विचारलेला गरम पाण्याचा प्रश्न धातूची भट्टी आणल्याने सुटत नाही.

४ मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत या भट्टीचा गाभा भरायला सुरुवात झाली, ठरल्या तारखेच्या चौदा वर्षांनंतर. चार धुराड्यांच्या परीक्षेत मात्र एक अडचण मुळातच आहे. सोडियम विजेच्या तापकांनी तापवून झडपा उघडता येतात, हवा आणि सोडियम फिरतात का ते मोजता येतं. पण उरलेली उष्णता गाभ्यात साठायची असेल तर आधी भट्टी पुरेसा काळ, पुरेशा शक्तीवर चालावी लागते. त्यामुळे अणूंच्या तुकड्यांतून निघालेली खरी उष्णता त्या धुराड्यांतून किती वेगाने बाहेर पडते, हे मोजायची पाळी भट्टी शक्तीवर चालवून थांबवल्यानंतरच येते.